म्हातारा बैल कामावरून उतरला की त्याचा हक्क म्हणून काय उरतं?

आखाड्यावरचा

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितोय, पण दोन महिने डोक्यात घोळतंय म्हणून एकदाच सगळं टाकतो.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, कोरडवाहू सात एकर. दावणीला एक लाल कंधारी बैल आहे, पवळ्या. दोनदाती असताना आणलेला, चौदा वर्षं झाली. जोडीचा दुसरा 2022 च्या लम्पीत गेला, तेव्हापासून पेरणी-नांगरणी सगळी भाड्याच्या ट्रॅक्टरवर. पवळ्या आता नुसता बसून आहे. दात झिजलेत, मागचा एक पाय ओढत चालतो. धाकटा भाऊ म्हणतो दिवसाला शंभर-सव्वाशे रुपये चाऱ्या-पेंडीला जातात, ते पोरीच्या फीला आले असते. तो वाईट माणूस नाही, हिशोबाने बोलतो. वडील म्हणतात दावणीवरच मरू द्या त्याला. इकायचा म्हटलं तर 2015 पासून गोवंश हत्याबंदी आहे, बैलही त्यात आला, त्यामुळे म्हाताऱ्या बैलाला बाजारात घेणारा कोणी नाही, आणि घेणारा भेटलाच तर तो कुठे नेतो हे आपल्याला माहीत असतं, ते मला नकोच आहे.

एक गोष्ट सांगतो. या पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणीला आई त्याच्या खांद्याला तूप-हळद चोळत होती. तिथे केस उगवतच नाहीत आता, कातडं चपलेच्या तळासारखं झालंय. आईने नेहमीसारखं म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी वडिलांनी पूजेला जू काढून अंगणात ठेवलं, गेल्या तीन वर्षांत ते वापरलेलं नाही, माळ्यावरच असतं. पवळ्या सुटा होता. तो आला, जुवाजवळ थांबला आणि मान खाली घातली. कोणी हाक मारली नव्हती. वडील आत निघून गेले, जेवायच्या वेळेपर्यंत बाहेरच आले नाहीत.

तर माझा प्रश्न असा. हा बैल कायद्याने नक्की कोण आहे? माझी वस्तू आहे, जसा ट्रॅक्टर? देव आहे, वर्षातून एक दिवस? का कामगार आहे, ज्याने इतकी वर्षं आमच्या घरात कमावून घातलं? सरकारने 30 सप्टेंबर 2024 ला देशी गायीला राज्यमाता-गोमाता म्हणून जाहीर केलं, गोशाळेतल्या देशी गायीला दिवसाला 50 रुपये अनुदानही ठरलं. मग बैल कोण लागतो राज्याचा? त्याच्या कानात पिवळा बिल्ला आहे, बारा अंकी नंबर आहे, म्हणजे सरकारदरबारी त्याची नोंद आहे. नोंद आहे तर हक्क म्हणून काहीतरी असायला पाहिजे ना? मी त्याला जन्मभर सांभाळणारच आहे, पण ते माझ्या मर्जीवर आहे हेच मला खटकतं. माझ्या शेजाऱ्याची मर्जी वेगळी असली तर त्याच्या बैलाने काय करायचं?

कोर्टकचेरी

दादा, पवळ्याचं वाचून गलबललं. कायद्याचं सांगतो, मी तालुक्याला प्रॅक्टिस करतो.

1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या कलम 3 मध्ये जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याची नीट काळजी घ्यायची असं कर्तव्य लिहिलंय. कलम 11 मध्ये क्रूरता म्हणजे काय याची यादी आहे, आणि तुमच्या कामाच्या दोन गोष्टी त्यात आहेत. वय झालेल्या, आजारी, जखमी जनावराकडून काम करून घेणं हा गुन्हा. आणि उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हाही गुन्हा. म्हणजे बैलाची रिटायरमेंट कायद्यात आहे म्हणा ना, आणि रिटायर झाल्यावर त्याला रस्त्यावर सोडता येत नाही हेही आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर 10 रुपयांपासून 50 रुपयांपर्यंत. 1960 चा आकडा आजही तोच.

1965 चे ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांचे नियम तर फार कमी लोकांना माहीत आहेत. दिवसात एकूण 9 तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग 5 तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, तापमान 37 अंशांच्या वर असेल अशा भागात दुपारी 12 ते 3 जुंपायचं नाही, खिळ्याची आर लावलेली काठी वापरायची नाही. आता मार्च-एप्रिलमध्ये ऊसतोडीच्या टायरगाड्या कोणत्या उन्हात आणि किती लोड घेऊन चाललेल्या असतात ते आपण सगळे बघतो. मी वीस वर्षांत या नियमाखाली एकही केस लढवलेली नाही कारण माझ्याकडे कोणी आलंच नाही.

हक्काचं विचाराल तर 2014 ला नागराज केसमध्ये सुप्रीम कोर्टाने खूप पुढचं बोललं होतं, राज्यघटनेच्या कलम 21 मधलं जीवन हा शब्द प्राण्यांपर्यंत नेला, भूक-तहान, भीती, वेदना यापासून मुक्ती वगैरे पाच स्वातंत्र्यांचा उल्लेख केला आणि जल्लिकट्टू (तमिळनाडूतला बैलाला धरायचा खेळ) आणि आपल्या बैलगाडा शर्यती दोन्ही बंद केल्या. नंतर तमिळनाडू, महाराष्ट्र, कर्नाटक यांनी आपापले कायदे दुरुस्त केले आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते कायदे वैध ठरवले, आणि स्पष्ट म्हटलं की बैलाला कलम 21 च्या संरक्षणात ओढणं कोर्टाने करू नये. मधल्या काळात 2018 ला उत्तराखंड हायकोर्टाने, 2019 ला पंजाब-हरियाणा हायकोर्टाने प्राण्यांना कायदेशीर व्यक्ती म्हणून जाहीर केलं होतं, नागरिकांना त्यांचे पालक केलं होतं. कागदावर मोठं आहे, गोठ्यापर्यंत पोचलेलं मी तरी पाहिलं नाही.

थोडक्यात, आपल्यावर कर्तव्य आहे पण त्याच्याकडे हक्क नाही. फरक कुठे पडतो तर तक्रार कोण करणार इथे. कर्तव्य मोडलं तर कोणा माणसाच्या मनात आलं तरच केस उभी राहते.

घाटाचा_राजा

मी खेड तालुक्यातला. आमच्याकडे तीन पिढ्या गाडा आहे. वकीलसाहेबांनी कायदा बरोबर सांगितला पण बंदीच्या त्या सात वर्षांत काय झालं ते मी सांगतो, खिल्लारच्या गोऱ्ह्याला कोणी विचारेना, लोकांनी पैदास बंद केली, शर्यत बंद म्हणजे बैल सुखी असं नाही झालं, बैल जन्मालाच येईना. 16 डिसेंबर 2021 ला कोर्टाने परवानगी दिली त्या दिवशी आमच्या गावात लोक रडले, हे मी डोळ्याने बघितलंय.

आमच्या बैलाला जे खायला असतं ते घरातल्या पोरांना नसतं. आणि उतरलेला बैल आम्ही विकत नाही, आमच्या दावणीला आत्ता दोन म्हातारे आहेत, त्यातल्या एकाने एका सीझनला पाच घाट मारलेत, घाट म्हणजे गाडा पळवायची जागा, तो गेला की त्याची समाधी बांधणार आहोत. नियम आम्हालाही हवेत. जिल्हाधिकाऱ्याची परवानगी, डॉक्टर, हजार मीटरच्या वर पळवायचं नाही, शॉक नाही काठी नाही. जो शेपटी चावतो, शॉक लावतो त्याला घाटातून हाकललं पाहिजे, आणि असे लोक आहेत, खोटं कशाला बोलू.

पण बैलाला हक्क द्या म्हणणाऱ्यांनी आधी हे बघावं की ज्या बैलाला मालकाला काही उपयोग नाही तो बैल टिकतो का.

लिंबाखाली

राजाभाऊ, तुमच्या दोन म्हाताऱ्या बैलांबद्दल तुम्हाला मनापासून नमस्कार. पण तुमच्या शेवटच्या वाक्यातच सगळी अडचण आहे बघा. उपयोग असेल तोवर टिकणार, असं असेल तर पवळ्याला काहीच जागा नाही. आणि तुमच्या घाटात जो गोऱ्हा पळाला नाही, अंगाने भरला नाही, त्याचं काय होतं?

मी गेली सहा वर्षं नेदरलँड्समध्ये आहे, मूळची वाईची. इथे शिकताना विल किमलिका आणि स्यू डोनाल्डसन या दोघांचं काम वाचलं, कॅनडातले आहेत. ते प्राण्यांचे तीन गट करतात. रानातले प्राणी म्हणजे जणू वेगळी राष्ट्रं, त्यांच्या प्रदेशात आपण ढवळाढवळ करायची नाही. चिमण्या, कबुतरं, उंदीर असे आपल्या आसपास पण आपल्यावाचून राहणारे, ते रहिवासी. आणि गाय, बैल, कुत्रा, कोंबडी हे पाळीव, त्यांना आपणच हजारो वर्षांत आपल्यावर अवलंबून केलं, रानात परत सोडता येत नाही, म्हणून ते आपल्याच समाजाचे सदस्य, सहनागरिक. नागरिक म्हणजे मत देणारा एवढंच नाही. लहान मूल मत देत नाही तरी नागरिक असतं. इथेच राहायचा हक्क, आजारपणात उपचाराचा, कायदे करताना त्याचं हित मोजलं जाण्याचा, आणि काम केलं तर त्याला मर्यादा आणि पुढे म्हातारपणाची सोय. काही लोक याच्या उलट म्हणतात, पाळणं हाच अन्याय, म्हणून पैदास थांबवा आणि पाळीव प्राणी हळूहळू संपू द्या. मला ते पटत नाही. पवळ्या नसावा असं म्हणून पवळ्याला न्याय कसा मिळेल?

हे इथे नुसतं पुस्तकात राहिलं नाही, इथे 2002 ला प्राण्यांसाठीचा राजकीय पक्ष निघाला आणि 2006 ला संसदेत त्यांच्या दोन जागा आल्या. बैल मत देत नाही, पण बैलाच्या बाजूने बोलायला निवडून आलेलं माणूस असू शकतं.

आणि दादा, त्याने मान खाली घातली त्याबद्दल. माझ्या मनातून ते जात नाहीये. लोक म्हणतील बघा, बैलाला काम आवडतं, ही त्याची संमती. मला तसं म्हणवत नाही. वेसण टोचून, खच्ची करून, दोनदाती असताना जुंपून जी सवय लागली तिला संमती कसं म्हणायचं? वेसण आणि खच्चीकरण दोन्ही वकीलदादांच्या त्याच कायद्यात क्रूरतेतून वगळलेलं आहे. पण नुसती सवय म्हणून सोडताही येत नाही. तो सुटा होता, कुठेही जाऊ शकत होता आणि तुमच्या वडिलांजवळ आला. त्याला तुमच्यात राहायचंय, एवढं तरी त्यात नक्की आहे.

शेणामातीची

सगळे बैलावर बोलताय, मी दुधाचं बोलते. आमच्या नऊ संकरित गायी आहेत, धार मी आणि सासूबाई काढतो, शेण मी उचलते. संस्थेत दूध गेलं की फॅट किती एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) किती तेवढंच बघतात.

आमच्याकडे गोऱ्हा झाला की घरात कोणी बोलत नाही. कालवड झाली तर पेढे. गोऱ्ह्याला चीक पाजून पंधरा दिवस झाले की तो कुठे जातो हे कोणी विचारत नाही, मी पण नाही विचारत, हे लिहायला मला त्रास होतोय. आता तर अशी रेतनं निघालीत की शंभरातल्या नव्वद कालवडीच होतात, सरकार त्याला अनुदान देतं, आम्ही पण घेतो कारण परवडत नाही. 2019 च्या पशुगणनेत देशात गोवंश 19 कोटी 25 लाख होता आणि त्यातल्या गायी-कालवडी 14 कोटी 51 लाख. म्हणजे नर पाच कोटीसुद्धा नाहीत. जन्माला समसमान येतात, मग बाकीचे कुठे गेले? घाटवाले दादा म्हणतात बैल जन्माला येईना, ते खरंय, आणि आमच्या गोठ्यात जन्माला आलेला टिकत नाही हेही खरंय.

हक्क म्हणायचं तर माझ्या गायीचा पहिला हक्क मी सांगते, वासराला चाटायचा. आम्ही पान्हा फुटायला वासरू सोडतो आणि दोन मिनिटांत ओढून बांधतो. ती मान वळवून बघत राहते, धार होईपर्यंत बघते. मी तिच्या पोटाला डोकं टेकवून धार काढते, मला तिचं पोट हललेलं कळतं. मी आता पहिला महिना वासराला दोन सड पूर्ण सोडते. दूध कमी जातं. सासूबाई आधी चिडल्या, आता काही म्हणत नाहीत.

आखाड्यावरचा

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार अवघड होतं लिहायला. धन्यवाद.

सगळ्यांचं वाचून माझं एक मत बनत चाललंय. माणूस कामावरून उतरला की पेन्शन देतो कोण? नुसता मालक नाही, सरकार पण. बैलाच्या कष्टाचं धान्य मी एकट्याने खाल्लं नाही, ते मोंढ्यात गेलं, शहरात गेलं. कायदा करून त्याला मारू नका म्हटलं, चांगलं केलं, पण मग त्याला जगवायचा खर्च सगळा कोरडवाहू शेतकऱ्यावर का? तो खर्च झेपत नाही म्हणूनच लोक रात्री दावं सोडून देतात आणि मोकाट जनावरं दुसऱ्याच्या तुरीत शिरतात. आणि गावात जनावरांच्या नावाची जमीन तर आहेच की, गायरान. आमच्या गावचं चाळीस एकर आहे. त्यातला एक तुकडा म्हाताऱ्या जनावरांना, पाण्याचा हौद, एक शेड, असं ग्रामपंचायतीने केलं तर?

उमरीची_लेक

दादा, गायरान शब्द आला म्हणून लिहितेय. रागाने नाही.

आमच्या आजोबांनी मराठवाड्यातलंच गायरान कसलंय. दगड वेचून वेचून. गावात आम्हाला जमीन नव्हती, विहिरीवर पाणी नव्हतं. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं सरकारने ठरवलं, त्याच्यासाठी आमच्या लोकांनी मोर्चे काढले, मार खाल्ला, उभ्या पिकात जनावरं सोडलेली आमच्या आईने बघितलीयेत. हो, जनावरं. आम्हाला उठवायला कायम हेच म्हटलं गेलं, ही जमीन गुरांची आहे. गुरांच्या नावाने माणसाला हाकललं.

म्हणून प्राणी नागरिक वगैरे ऐकलं की माझ्या पोटात आधी भीती उभी राहते. ज्यांना अजून पूर्ण नागरिक म्हणून वागवलं नाही त्यांच्या वाट्याचं काढून बैलाला देणार का? आणि मेलेलं जनावर ओढायचं काम पिढ्यानपिढ्या कोणी केलं, ते पण आठवा.

आता दुसरी बाजू पण सांगते कारण ती पण खरी आहे. आमच्याकडे त्या गायरानात एक म्हैस आणि चार शेळ्या आहेत आणि आमची आई त्या म्हशीशी जेवढं बोलते तेवढं आमच्याशी बोलत नाही. पवळ्याचं वाचून दाखवलं तिला. ती म्हणाली, त्याला ठेवा म्हणावं, पण आमच्या ढेकळावर नको.

आखाड्यावरचा

ताई, बरं झालं लिहिलंत. खरं सांगतो, गायरान लिहिताना माझ्या मनात हे आलंच नव्हतं, यायला पाहिजे होतं. आमच्या गावच्या गायरानातही बारा घरं कसून खातात, मी त्यांना लहानपणापासून ओळखतो आणि तरी चाळीस एकर मोकळं आहे असं लिहून गेलो. ते चुकलं.

काल त्यातल्या एका काकांकडे जाऊन बसलो. ते म्हणाले कसलेल्या रानाला कोणी हात लावू नये, पण तळ्याच्या बाजूला चार-पाच एकर खडक आहे, तिथे काही पिकत नाही, गवत मात्र येतं, शेड केली तर आमची पण दोन म्हातारी जनावरं आहेत. म्हणजे मागणी आम्ही मिळून करायची. अर्जात पहिलं वाक्य हे असेल की कसणाऱ्या एकाही कुटुंबाला धक्का लागणार नाही, आणि दुसरं हे की गोशाळेतल्या गायीला जसं रोजचं अनुदान आहे तसं घरी सांभाळलेल्या, कामावरून उतरलेल्या बैलाला मिळावं, त्याच बारा अंकी बिल्ल्यावर. नोंद आहेच, मग पैसे त्या नोंदीवर यावेत, मालक बदलला तरी बैलामागे यावेत. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ठेवतोय. वकीलदादा, मसुदा टाकला तर बघून द्याल का?

भावाशी पण बोललो. त्याने काही हो-नाही केलं नाही. संध्याकाळी बघितलं तर पवळ्याच्या पायाखाली मुरूम टाकून जागा सपाट केली होती त्याने, ओढता पाय घसरत होता तिथे.

कोर्टकचेरी

पाठवा, फी नको. 1965 चे नियम पण जोडू, उसाच्या गाड्यांसाठी वेगळा ठराव घ्या त्याच सभेत. आणि कलम 11 चा दंड वाढवायची मागणी ग्रामसभेकडून वर गेली तर त्याला वजन येतं.

शेणामातीची

दादा, दात झिजलेत म्हणालात तर कडबा अख्खा टाकू नका, कुट्टी करा आणि रात्रभर भिजवून सकाळी द्या, वरून थोडी सरकी पेंड भिजवलेली. आमच्या म्हाताऱ्या गायीला त्यावरच अडीच वर्षं काढली. पाणी थंडीत कोमट द्या, नाहीतर पीत नाहीत.